केशगळतीवरील वनस्पती-अर्क

केस गळणे रोखण्यासाठी, किंवा चालू उपचाराला जोड म्हणून, टाळूवर लावले जाणारे वनस्पतींचे रस, सिद्ध तेले (वनस्पती घालून शिजवलेली) व द्रावकाने काढलेले अर्क. नागपूरकडे यांत माका (भृंगराज) मुख्य. आवळा, ब्राह्मी, जास्वंद ही त्याची नेहमीची जोड.

रोगाच्या नावाविषयी जुना मतभेद आहे. सुश्रुतसंहितेत (प्राचीन आयुर्वेदग्रंथ) इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या ही एकाच विकाराची नावे आहेत : पित्त वातासह रोमकूपांत शिरून केस पाडते, मग कफ व रक्त ती छिद्रे बुजवतात. आयुर्वेदाचार्य वाग्भट (सु. सातवे शतक) मात्र क्रमाक्रमाने केस जातात ती खलती, असा भेद करतो. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत दिलेल्या कार्तिक या आचार्याच्या मतानुसार इंद्रलुप्त दाढीमिशांचे, खालित्य डोक्याचे, रुज्या सर्वांगाची. चाई (केसांचे अचानक पडणारे चकते) आणि आनुवंशिक टक्कल हे आजचे विभाजन पाहता वाग्भटाचा भेद अधिक उपयोगी वाटतो.

माक्याची ओळखही निर्विवाद नाही. निघंटूंत (जुन्या वनौषधिकोशांत) पांढरा, पिवळा व निळा असे प्रकार येतात. पांढरा म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्रॅटा (जुन्या लेखनात ए. आल्बा), पिवळा बहुधा वेडेलिया ही दुसरी वनस्पती. वेडेलोलॅक्टोन या घटकाचे नाव वेडेलियावरून पडले, पण तो एक्लिप्टातही असतो. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत, ओढ्याकाठी दिसतो तो पांढराच. चुरडल्यावर त्याचा रस काळा पडतो. केस काळे करण्याची ख्याती कदाचित यातूनच आली असावी.

सिद्ध तेलासाठी शार्ङ्गधर या आयुर्वेदकाराच्या सामान्य प्रमाणात कल्क (वाटलेला वनस्पतीचा गोळा) १, तेल ४ व द्रव १६ भाग असतो. तेलावर फेस आला की पाक झाला. तुपाचे उलट, तेथे फेस शमावा लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माक्याच्या उंदरांवरील प्रयोगात केसवाढ लवकर सुरू झाली, पण तेथे पेट्रोलियम ईथरने काढलेला, म्हणजे स्निग्धविद्राव्य (तेलात विरघळणाऱ्या) घटकांचा अर्क होता. पाण्यात वाटलेल्या पाल्याला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही. सिद्ध तेल त्याला थोडे जवळचे, इतकेच.

मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या औषधाला (अमेरिकेत टकलावर मान्यता १९८८) पर्याय म्हणून रोझमेरी तेलाची १०० रुग्णांवरील तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारखे होते, मात्र तुलनेसाठी निष्क्रिय औषधाचा गट नव्हता. मिनॉक्सिडिल कोरड्या टाळूवर लावायचे असते. त्यामुळे तेलाची वेळ वेगळी ठेवतात.

उन्हाळ्यात ओला माका दुर्मिळ. तेव्हा नागपूरच्या इतवारी बाजारातून वाळलेले पंचांग (मुळासह सगळे झाड) आणून त्याचा काढा तेलात आटवतात.