ब्राउझर-सुसंगतता

एकच संकेतस्थळ किंवा वेब-ॲप निरनिराळ्या ब्राउझरांत नीट चालावे, यासाठी बांधणी आणि चाचणी करताना घेतली जाणारी काळजी. सगळीकडे हुबेहूब तेच दिसण्याचा हट्ट धरू नये. मजकूर वाचता यावा, अर्ज भरता यावा, पैसे भरण्याचे बटण चालावे, एवढे मात्र हवेच.

फरक पडतो तो इंजिनामुळे. एचटीएमएल (पानाचा मजकूर व रचना सांगणारी भाषा) आणि सीएसएस (त्याचे रूप व मांडणी सांगणारी भाषा) वाचून पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा हा भाग. सध्या प्रमुख इंजिने तीन: क्रोम, एज व ऑपेरातले ब्लिंक, सफारीतले वेबकिट आणि फायरफॉक्समधले गेको. त्यामुळे क्रोम आणि एज दोन्हींत तपासले, तरी इंजिन एकच तपासून होते.

जुन्या घोळांपैकी सर्वांत बोलका घोळ चौकटीच्या रुंदीचा. २०० पिक्सेल रुंदी, दोन्ही बाजूंना २० ची आतली मोकळी जागा आणि ५ ची कड दिली, तर मानकानुसार चौकट २५० पिक्सेल व्यापते. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र हे सगळे २०० तच बसवी. २००१ मध्ये आलेली सहावी आवृत्ती पानाच्या आरंभीची डॉकटाइप ओळ (पान कोणत्या मानकाप्रमाणे लिहिले ते सांगणारी) पाहून जुना हिशेब की मानक हिशेब, हे ठरवू लागली. गंमत अशी, की मांडणी करायला तो जुना हिशेबच सोयीचा. पुढे सीएसएसने ‘बॉर्डर-बॉक्स’ या नावाने त्याला रीतसर जागा दिली, आणि आज कितीतरी प्रकल्पांची शैली-फाइल त्याच ओळीने सुरू होते.

ब्राउझरचे नाव ओळखून त्याप्रमाणे वेगळा कोड पाठवणे ही वाईट सवय. जुन्या संकेतस्थळांनी अडवू नये म्हणून क्रोम आणि सफारीदेखील स्वतःला ‘मोझिला’ (नेटस्केप या जुन्या ब्राउझरचे सांकेतिक नाव) म्हणवतात. त्यापेक्षा हवी ती सुविधा ब्राउझरमध्ये आहे का, एवढेच कोडने तपासावे. नसेल तर साधा पर्याय द्यावा.

चाचणी स्वयंचलित करण्यासाठी सेलेनियम (२००४) आणि प्लेराइट (२०२०) ही साधने रुळली आहेत. प्लेराइटमधले वेबकिट म्हणजे प्रत्यक्ष सफारी नव्हे, म्हणून खरा आयफोन हाताशी असलेला बरा. तो नसेल तर दूरस्थ उपकरणे भाड्याने मिळतात. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी याच व्यवसायात आहे.

मराठी पानांची तपासणी वेगळी करावी लागते. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ नीट जुळतो का, हे फाँट बदलला की पुन्हा पाहावे. ओळीची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली असेल, तर बटणांवरच्या वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात.