पेन ड्राइव्ह अडकवला कोणी?

लग्नसराईत अमळनेरच्या एका डीटीपी दुकानात पत्रिकेची फाइल घेऊन आलेले गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह परत मिळण्याची वाट पाहत उभे होते. सगळ्या खिडक्या बंद केल्यावरही पडद्यावर एवढेच येत होते की उपकरण वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. ‘कोन शे तो?’ (कोण आहे तो?) हा त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला.

कारण उत्तर संगणकाजवळ असते. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडली आहे, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम सतत ठेवते. विंडोज तर पेन ड्राइव्ह काढण्यास अडथळा आणणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या तिच्या नोंदवहीत २२५ क्रमांकाच्या नोंदीत लिहून ठेवू शकते, मात्र तिथवर सामान्य माणूस पोहोचत नाही. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (कर्नल) ‘जागा व्यस्त आहे’ एवढाच संकेत परत देतो, त्यामुळे नाव हवे असेल तर डेस्कटॉपला, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या भागाला, ते स्वतः शोधावे लागते. केडीई प्लाझ्मा हा लिनक्सवरचा डेस्कटॉप हे काम करतो आणि फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे ते सांगतो.

हा शोध दिसतो तितका सरळ नाही. एखाद्या टर्मिनलचा (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीचा) चालू फोल्डर पेन ड्राइव्हवर असेल, तर एकही फाइल उघडी नसताना ड्राइव्ह अडून राहतो; आणि अडवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या वापरकर्त्याचा असेल, तर पुरेशा परवानगीशिवाय त्याच्या उघड्या फाइलींची यादी वाचता येत नाही.

शिवाय ‘फाइल उघडी आहे’ आणि ‘लिहिणे अजून चालू आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये कॉपी झालेला दिसणारा मजकूर काही वेळ मेमरीतच असू शकतो, कारण तो ड्राइव्हवर उतरवण्याची साधारण मुदत ३० सेकंदांची असते. विंडोज १०ने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून ड्राइव्ह लगेच काढता येण्याची पद्धत आपोआप लागू ठेवली असली, तरी लिहिणे चालू असताना ड्राइव्ह ओढला तर फाइल बिघडू शकते. म्हणून पहिल्या स्थितीत संदेशाने प्रोग्रॅमचे नाव सांगावे आणि दुसऱ्या स्थितीत थांबायला सांगावे. ते नावही दुकानदाराला ओळखू येणारे हवे: ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ असे लिहिण्याऐवजी ‘फोल्डरची खिडकी उघडी आहे’ असे म्हटले, तर काय बंद करायचे ते त्याला लगेच कळेल.