आधी ‘एग्झिस्ट्स’, मग ‘ओपन’: एवढं पुरतं का?

‘फाइल उघडण्याआधी ती आहे का ते तपासा, म्हणजे प्रोग्राम कधीच कोलमडणार नाही,’ असा सल्ला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटण्यासारखा आहे, पण अपुरा.

तपासणं (‘एग्झिस्ट्स’) आणि उघडणं (‘ओपन’) या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मधल्या क्षणात दुसरा एखादा प्रोग्राम ती फाइल काढून टाकू शकतो. खात्री करायची तर दोन्हींच्या मध्ये ‘टाइम.स्लीप’ने २० सेकंदांचा थांबा घाला आणि तेवढ्यात फाइल हाताने डिलीट करा. ‘आहे’ असं उत्तर मिळूनही ‘फाइल नॉट फाउंड एरर’ येईल.

शिवाय तपासणीचं ‘ओएस.पाथ.एग्झिस्ट्स’ हे फंक्शन फोल्डरलाही ‘ट्रू’ (आहे) म्हणतं. लिनक्सवर फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल, तर आत असलेल्या फाइलबद्दलही ‘फॉल्स’ (नाही) सांगतं. मला हे जास्त घातक वाटतं, कारण ‘नाही’ धरून आपण पुढचे निर्णय घेतो.

म्हणून फाइल थेट ‘ट्राय’मध्ये, म्हणजे एरर येऊ शकेल असा कोड लिहायच्या भागात, उघडा आणि एरर ‘एक्सेप्ट’मध्ये, म्हणजे एरर आल्यावर काय करायचं ते लिहायच्या भागात, पकडा. जुन्या फाइलवर चुकून लिहिलं जाऊ नये यासाठी पायथन ३.३ पासून ‘ओपन’ला फक्त नवी फाइल तयार करणारा ‘एक्स’ मोड आहे. फाइल आधीच असेल तर तो ‘फाइल एग्झिस्ट्स एरर’ देऊन थांबतो. नुसती माहिती दाखवायची असेल तिथे ‘एग्झिस्ट्स’ खुशाल वापरा.