माउंट मौंगानुईतला हरवलेला ङ

न्यूझीलंडमध्ये क्रिकेटचा सामना असला की समालोचकांच्या तोंडी ‘माउंट मौंगानुई’ येतं आणि मला राहवत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत माउङा म्हणजे डोंगर, नुई म्हणजे मोठा. आपल्या ‘सह्याद्री पर्वता’सारखंच डोंगर दोनदा! शिवाय त्यात ग नाहीच. ‘गंगा’ म्हणताना दुसऱ्या ग च्या आधी जो अनुनासिक येतो, तो एकटा उच्चारायचा. वर्णमालेतला ङ, शाळेत घोकलेला आणि पुढे ‘वाङ्मय’ लिहितानाच भेटणारा.

हा ङ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क होतो. तिथली मुख्य जमात ङाइ ताहू, पण तिच्या स्वतःच्या बोलीत काइ ताहू. उत्तरेत ब्रिटिश आणि माओरींमधला १८४० चा करार झाला ते वाइताङी, दक्षिणेत नदीचं नाव वाइताकी. दोन्हींचा अर्थ रडणारं पाणी. दक्षिणेतली रूपं अपभ्रष्ट आहेत असं पुष्कळांना वाटत आलं. मालवणी-वऱ्हाडीला अशुद्ध म्हणणाऱ्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

आता क, ख, ग, घ, ङ अशी ओळ म्हणून पाहा. पाचही वर्णांना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला एकाच जागी टेकतो. ङ म्हणताना ती टाळू खाली असते, हवा नाकातून जाते आणि स्वरतंतू कंप पावत राहतात. टाळू वर उचलून नाकाची वाट बंद केली आणि स्वरतंतूंचा कंप थांबवला, की जीभ न हलवता क तयार! दक्षिणेत एवढंच घडलं. माओरीची बहीण असलेल्या हवाई बेटांवरच्या भाषेत उलट झालं. नाक उघडंच राहिलं, पण अडथळा जिभेच्या मागून टोकाकडे आला आणि ङ चा न झाला. दुर्बिणींसाठी प्रसिद्ध असलेल्या माउना केआ मधला ‘माउना’ म्हणजे हाच माउङा. ताहिती बेटावरच्या बहीणभाषेत जीभ उचललीच जात नाही. खोकण्याआधी घसा क्षणभर आवळतो तसा नुसता झटका बसतो: मोउ’आ. आकाशासाठी उत्तरेत राङी, दक्षिणेत राकी, हवाईत लानी, ताहितीत रा’ई. रडण्यासाठी ताङी, ताकी, हवाईत कानी (त चा क होणं हाही तिथला नियम, अर्थ तेवढा सरकून ‘आवाज, नाद’ झाला), ताहितीत ता’ई.

राङी ऐकून आपल्याला ‘रंग’ आठवतो. जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या असं सांगणारे व्हॉट्सॲप संदेश अशाच नादावर उभे असतात. एखादा शब्द कुठल्याही दोन भाषांत योगायोगाने जुळतो. शब्दामागून शब्दात ठरावीक जागी ठरावीक बदल सापडला, तरच नातं सिद्ध होतं.

इंग्रजीच्या दाबाखाली ही दक्षिणी बोली रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेली, पण गावा-डोंगरांच्या नावांत राहिली. म्हणून तिथली नावं नोंदवणं मला भाषाशास्त्राचंच काम वाटतं. १८४४ मध्ये वाइताकीच्या काठी ते हुरुहुरू या प्रमुखाने एडवर्ड शॉर्टलँड या इंग्रज अधिकाऱ्याला पेन्सिलीने बेटाच्या आतल्या तळ्यांचा नकाशा काढून दिला. ती तळी तोवर कुणा युरोपीय माणसाने पाहिलेली नव्हती. काइ ताहूंच्या जमिनींच्या तक्रारींवर नेमलेल्या १८७९-८० च्या चौकशी आयोगाच्या वेळी वडीलधाऱ्यांनी मासे, पक्षी, कंद मिळण्याच्या जागा नावानिशी सांगितल्या आणि जमातीचे नेते एच. के. ताइआरोआ यांनी त्या लिहून घेतल्या. अशा नोंदी पडताळून काइ ताहूंनी २०१७ मध्ये ‘का हुरु मानु’ हा नकाशासंग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात हजाराहून अधिक नावं आहेत.

देशातल्या सर्वांत उंच शिखराला १९९८ च्या कायद्याने ‘आओराकी/माउंट कुक’ असं जोडनाव मिळालं, माओरी नाव आधी. पर्यटकांना त्याचा अर्थ ‘मेघभेदी’ असा सांगतात. ऐकायला छान, पण शब्दांत भेदणं कुठेच नाही: आओ म्हणजे ढग, राकी म्हणजे आकाश. काइ ताहूंसाठी तर हा एक पूर्वजच. जुन्या लिखाणात या शिखराला उत्तरेच्या वळणाने ‘आओराङी’ म्हटलेलं दिसतं. कायद्यात आणि नकाशावर मात्र आता क आहे. नकाशासंग्रहाच्या नावातला ‘का’ सुद्धा तसाच: उत्तरेत अनेकवचनासाठी ‘ङा’ म्हणतात, त्याचंच हे दक्षिणी रूप.