आवळा, अँटिऑक्सिडंट आणि टीबीच्या गोळ्या

पुण्यात एखाद्या घरात टीबीचं निदान झालं की औषधं दोन वाटांनी येतात. मनपाच्या दवाखान्यातून चार औषधं एकत्र केलेल्या गोळ्यांची पाकिटं येतात. बाकीचं येतं मंडईतून, मावशीकडून आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून: आवळ्याचा रस, मोरावळा, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, 'ताकदीची' म्हणून दिलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. या दुसऱ्या वाटेबद्दल विचारलं तर डॉक्टर बहुधा "घ्या, चालेल" म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. गेल्या काही वर्षांत मात्र प्रयोगशाळांनी यातल्या काही पदार्थांची नीट परीक्षा घेतली आहे, आणि निकाल "चालेल"पेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहेत.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या आपल्या पेशी त्याला गिळतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी ऑक्सिजनची दाहक रूपं त्याच्यावर सोडतात. काही मुलांमध्ये ही रसायनं तयार करण्याची क्षमता जन्मतःच नसते. बीसीजी लशीतला दुबळा केलेला जंतूसुद्धा अशा मुलांना आजारी पाडू शकतो, इतकं हे हत्यार मोलाचं आहे. पण लढाई महिनोन्‌महिने चालली की हीच रसायनं फुप्फुसालाही पोळतात. टीबीच्या रुग्णांमध्ये ग्लुटाथायोन हा शरीराचा स्वतःचा संरक्षक रेणू घटलेला आढळतो. मग अशी दाहक रसायनं निकामी करणारं अँटिऑक्सिडंट बाहेरून दिलं तर त्यानं वाचणार कोण, रुग्ण की जंतू?

जंतूकडेही स्वतःचा बचाव आहे. ग्लुटाथायोनऐवजी तो मायकोथायोल वापरतो, शिवाय पेरॉक्साइड निकामी करणारं कॅटजी नावाचं एन्झाइम बाळगतो. गंमत अशी की १९५२ पासून टीबीवर वापरलं जाणारं आयसोनियाझिड मुळात निष्क्रिय असतं. त्याला चेतवतं ते हेच कॅटजी. जंतू आपल्याच ढालीनं आपलं विष तयार करतो. ज्या जंतूंचं कॅटजी बिघडलेलं असतं, त्यांच्यावर आयसोनियाझिड चालत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचं हे एक मोठं कारण.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गटानं एक चकित करणारा निष्कर्ष छापला. नुसत्या व्हिटॅमिन सीनं प्रयोगशाळेतल्या टीबीच्या जंतूंचा पूर्ण नायनाट झाला होता, औषधांना न जुमानणाऱ्या जातींचासुद्धा. व्हिटॅमिन सी अँटिऑक्सिडंट म्हणून प्रसिद्ध असलं तरी लोहाच्या संगतीत ते उलट वागतं. ते लोहाला अशा रूपात आणतं की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा भयंकर आक्रमक कण तयार होतो, आणि तो जंतूच्या डीएनएपासून मेदापर्यंत सगळ्यावर तुटून पडतो. जंतू मेला तो ऑक्सिडेशननंच, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या नेमक्या उलट कामानं.

बातमी अर्थातच 'व्हिटॅमिन सीनं टीबी बरा' अशी पसरली, आणि इथे हिशेब करायला हवा. त्या प्रयोगात व्हिटॅमिन सीचं प्रमाण सुमारे ४ मिलिमोलर (द्रावणाची तीव्रता मोजायचं एकक) होतं. तोंडानं कितीही घेतलं तरी आतडं आणि मूत्रपिंड मिळून रक्तातली पातळी पाव मिलिमोलरच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. जास्तीचं लघवीतून निघून जातं. म्हणजे आवळ्याची पाटी रिकामी केली तरी परीक्षानळीतला आकडा फुप्फुसात येणार नाही. त्याच गटानं २०१८ मध्ये दाखवलं की आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला व्हिटॅमिन सी दिल्यावर उंदरांच्या फुप्फुसातले जंतू जास्त वेगानं घटतात. हे आशादायक आहे, पण उंदीर व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवतो आणि माणूस बनवू शकत नाही. त्यामुळे या बाबतीत उंदरावरून माणसाकडे उडी मारताना मी तरी जपून राहीन.

मला जास्त रस आहे तो एन-अॅसिटिलसिस्टीनमध्ये. डॉक्टर त्याला नॅक म्हणतात. कफ पातळ करायला पाण्यात फसफसणारी, सडक्या अंड्यासारखा किंचित वास मारणारी गोळी मिळते, ती हीच. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचा उताराही हाच. टीबीच्या प्रयोगशाळेत तर तो रोजचा आहे. रुग्णाचा बेडका कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहायला, लावण्याआधी तो पातळ करायला नॅक घालतात, आणि त्या थोड्या वेळात टीबीचे जंतू सुखरूप राहतात.

हाच रेणू औषधांबरोबर जास्त काळ राहिला की वेगळं घडतं. औषधांचा मारा सुरू झाल्यावर काही जंतू श्वसन मंदावून पडून राहतात. औषध त्यांना मारू शकत नाही आणि कोर्स अर्धवट सुटला की तेच उठून बसतात. सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, त्यामागे हे सुस्त जंतू आहेत. न्यूयॉर्कच्या त्याच गटाला २०१७ मध्ये दिसलं की सिस्टीन आणि नॅकसारखे रेणू जंतूचं श्वसन पुन्हा वाढवतात आणि मग आयसोनियाझिड अशा पडून राहिलेल्यांनाही गाठतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमित सिंग यांच्या गटानं मॉक्सिफ्लोक्सॅसिन या टीबीवरच्या दुसऱ्या औषधाबाबत असंच दाखवलं: नॅकमुळे श्वसन वाढतं, जंतूच्या आत दाहक ऑक्सिजन साठतो आणि औषधाचा घाव खोल जातो. रुग्णाच्या पेशीत संरक्षण आणि जंतूच्या पेशीत आग, असं दुहेरी काम एकाच रेणूनं करावं हे रसायनशास्त्राला शोभणारं आहे.

माणसांत काय झालं? टांझानियात १४० रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर नॅक देऊन पाहिलं गेलं. निकाल २०२४ मध्ये आला. बेडक्यातले जंतू नाहीसे होण्याचा वेग वाढला नाही. मात्र नॅक घेतलेल्यांच्या फुप्फुसांची क्षमता अधिक भरून आली. हे मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. टीबी 'बरा' झाल्याचा शिक्का मिळूनही पर्वतीच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर बसावं लागणारी माणसं आपल्या ओळखीत असतात. त्यांच्या फुप्फुसावरचे व्रण मोजणारं खातं आपल्याकडे फारसं कुणी उघडत नाही.

इराणमधल्या एका छोट्या चाचणीत साठीच्या पुढचे ६० रुग्ण होते. टीबीच्या औषधांनी यकृताला सूज येते, ही डॉक्टरांची नेहमीची डोकेदुखी. नुसती औषधं घेणाऱ्या ३२ पैकी १२ जणांना ती आली. नॅकही घेणाऱ्या २८ जणांत एकालाही नाही. आकडे बोलके आहेत, पण एवढ्या लहान गटावर सगळ्यांसाठी नियम ठरवता येत नाही.

आणि एक उलटा निकाल. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं व्हिटॅमिन ई किंवा बीटा-कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट देऊन पाहिली होती. बीटा-कॅरोटीननं फुप्फुसाचा कर्करोग वाढला, हे गाजलं. पुढे त्याच माहितीतून दिसलं की खूप सिगारेटी ओढणाऱ्या आणि आहारात मुळातच भरपूर व्हिटॅमिन सी असलेल्या पुरुषांमध्ये व्हिटॅमिन ईमुळे काही काळ टीबीचा धोका वाढला होता. 'अपाय तर नाही ना' या प्रश्नाला सरसकट 'नाही' म्हणता येत नाही, ते यामुळे.

पैसे खर्च करायचेच तर पुरावा कुठे भक्कम आहे? झारखंडमधल्या 'राशन्स' चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. टीबी रुग्णांच्या घरच्या माणसांनाही तांदूळ, डाळ असा शिधा आणि जोडीला सूक्ष्मपोषकं दिल्यावर त्यांच्यामध्ये नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं तर मृत्यूचा धोका बराच उतरतो, हेही तिथेच दिसलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून टीबी रुग्णाला मिळणारे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, तेही रुग्णाच्या पोटात अन्न जावं यासाठीच. हजार रुपयांत डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध येतं. एका चकचकीत कॅप्सूलच्या डबीतच ते संपू शकतात.

आवळा खायला हरकत नाही, तो अन्नच आहे. कॅप्सूलच्या वेष्टनावर मात्र बारीक अक्षरात काय आहे ते वाचावं. यांत बऱ्याचदा झिंक, लोह, मॅग्नेशियम असतं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवर दिली जाणारी लिव्होफ्लोक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लोक्सॅसिन ही औषधं या धातूंना पोटातच चिकटतात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत. दोन्ही एकदम गिळली तर महागडी पूरक गोळीच खऱ्या औषधाचा डोस खाऊन टाकते. त्यांच्यात काही तासांचं अंतर लागतं आणि किती, ते डॉक्टरांनाच विचारावं. त्याउलट आयसोनियाझिडबरोबर सरकारी दवाखान्यातून मिळणारी बी-६ ची छोटी गोळी 'नुसतं व्हिटॅमिनच आहे' म्हणून टाळू नये. आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, जळजळ होते. ती गोळी त्यासाठीच असते.