उलटी किती वाजता झाली?

जालन्याकडं गेलं की भंगाराचे ट्रक दिसतातच, ते वितळून सळई होते. त्या ढिगात एखाद्या दिवशी किरणोत्सारी तुकडा निघाला तर? हे काही हवेतलं नाही, दिल्लीच्या मायापुरीत २०१० ला कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि एक माणूस दगावला. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ ला सीझियम-१३७ नं ४ गेले, पण तपासावं लागलं १ लाख १२ हजार लोकांना, दूषित निघाले २४९. म्हणजे दवाखान्यावर लोंढा येतो तो बहुतेक घाबरलेल्यांचा.

आणि घाबरायला पेशंटच पाहिजे असं नाही. मी लॅबवाला. एका मॉक ड्रिलमध्ये पेशंट बनवलेल्या पोराच्या अंगावर किरणोत्सारी धूळ म्हणून हळद टाकली होती, पायाला खोटं रक्त, तर त्याला पोर्चमध्ये वीस मिनिटं कुणी हातच लावंना. "सर, आपल्याला लागंल की!" अरे, एक्सरे काढलेला माणूस काय घरी जाऊन चमकतो का? किरणोत्सारी तुकड्यातून निघणारे गॅमा किरणही तसेच, अंगातून गेले की दुसऱ्याला लागत नाहीत, विषय संपला. पसरते ती धूळ, आणि कपडे काढले की बरीचशी गेलीच. शर्ट कात्रीनं कापायचा, धुळीची बाजू आत राहील अशी गुंडाळी करत पिशवीत घालायचा. पण वाहतं रक्त आधी थांबवायचं, धूळ नंतर.

आता माझा आवडता भाग. अंगात शिरलेल्या किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात, १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. पूर्ण अंगाला ४ ग्रे बसले आणि उपचार नाही मिळाले तर साधारण निम्मे लोक वाचत नाहीत, आणि एवढ्या ऊर्जेनं अंग तापतं किती, तर अंशाचा हजारावा भाग, चहाच्या घोटात याहून जास्त उष्णता असते! मारते ती उष्णता नाही, डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटणं मारतं. बहुतेक पेशी तुटका डीएनए घेऊन जगतात आणि विभागायच्या वेळी अडकतात, म्हणून त्रास दिवसांनी, आठवड्यांनी दिसतो. लिम्फोसाइट ही पांढरी रक्तपेशी मात्र निवांत बसलेली असते, विभागतही नसते, तरी तुटलेलं कळलं की काही तासांत स्वतःच मरते. मग दर सहा तासांनी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचा, लिम्फोसाइटचा आकडा जितका झपाट्यानं पडला तितका डोस मोठा. फक्त पांढऱ्या पेशींच्या टोटल काउंटवर जाऊ नका, ताणामुळं न्यूट्रोफिल ह्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला वाढतात, टोटल १२,००० आला म्हणून खूश व्हाल आणि त्यात लिम्फोसाइट ५ टक्के म्हणजे फक्त ६००, नॉर्मलला हजाराच्या वर पाहिजेत.

पहिला रिपोर्ट यायच्या आधी घड्याळ. तासाच्या आत उलटी झाली तर डोस बहुधा ४ ग्रेच्या पुढं, दोन तासांनंतर झाली तर बहुधा २ च्या खाली. भीतीनंही उलटी होते, म्हणून उलटीची वेळ आणि लिम्फोसाइटचा आकडा दोन्ही जुळवून बघायचं.

शेणानं सारवलेली भिंत किरण अडवते असं सांगणारं ते फॉरवर्ड मला पाठवू नका, गॅमाला अडवायला शिसं नाहीतर जाड काँक्रीट लागतं. आयोडीनच्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात, कोबाल्ट-सीझियमपुढं बिनकामाच्या.

त्या ड्रिलच्या दुसऱ्या फेरीत वॉर्डातल्या मामांनी पोराच्या मनगटावर मार्करनं 'उलटी ९.४०' लिहिलं, मी लई खूश झालो, आणि मग बघतो तर माझ्याच खिशातल्या पेनला हळद.