आकडा दाखवणारा रेडिओ आणि आकडा पाळणारा रेडिओ

दोन रेडिओ शेजारी ठेवलेत. दोघांच्या पडद्यावर ९६०० हा आकडा, म्हणजे स्टेशनची किलोहर्ट्झमधली जागा, आहे आणि दोघांच्या खोक्यावर ‘डिजिटल’ असं ठसठशीत छापलंय. पहिल्यांदाच शॉर्टवेव्ह रेडिओ घेणारा माणूस अशा वेळी स्वस्तातला उचलतो, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. अर्ध्या तासाने आवाज दबका, फाटका यायला लागतो. बघावं तर पडद्यावर ९५९७. चक्रीला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो.

दुसऱ्या रेडिओवर मात्र ९६०० तसाच असतो, आणि रात्रभर तसाच राहील.

हा फरक कळायला रेडिओच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. रेडिओ स्टेशनची लहर थेट ऐकत नाही. तो स्वतःची एक लहर तयार करतो, ती स्टेशनच्या लहरीत मिसळतो आणि दोघींमधल्या फरकावर काम करतो. साध्या रेडिओत हा फरक बहुधा ४५५ किलोहर्ट्झ ठेवलेला असतो. म्हणजे ९६०० ऐकायचं तर आतला ऑसिलेटर, म्हणजे ही स्वतःची लहर तयार करणारा भाग, १००५५ वर हवा. तो तिथे टिकला तर स्टेशन टिकलं.

पहिल्या रेडिओत हा ऑसिलेटर म्हणजे एक कॉइल आणि एक गँग कंडेन्सर. चक्री फिरवली की गँगच्या पट्ट्या एकमेकींत सरकतात आणि लहर बदलते. गरम झालं, बॅटरी उतरली, रेडिओला धक्का लागला, की ती आपोआपही थोडी बदलते. पडद्यामागचं मोजणी यंत्र ऑसिलेटरची कंपनं मोजतं, त्यातून ४५५ वजा करतं आणि उत्तर दाखवतं. बस. ऑसिलेटर सरकला तर तेही सरकलेला आकडा प्रामाणिकपणे दाखवतं, पण त्याला जागेवर आणायचा अधिकार त्याला नाही.

दुसऱ्या रेडिओत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, मनगटी घड्याळात असतो त्याच जातीचा. पीएलएल नावाचं सर्किट ऑसिलेटरची लहर या स्फटिकाशी सतत ताडून बघतं आणि जरा ढळली की ओढून जागेवर आणतं. तुम्ही ९६०० दाबता तेव्हा तो आकडा हुकूम असतो. पहिल्या रेडिओत ती फक्त नोंद असते. सोनीच्या १९८० सालच्या आयसीएफ-२००१ वर असा आकडा थेट दाबता येत होता, म्हणजे ही काही कालची गोष्ट नव्हे.

तरी पहिल्या रेडिओला उगाच नावं ठेवू नयेत. नुसता काटा आणि छापील पट्टी असलेल्या रेडिओपेक्षा तो कितीतरी बरा. उदाहरणार्थ, शॉर्टवेव्हवरचा ३१ मीटरचा पट्टा साधारण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ. स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, म्हणजे तेवढ्यात शंभर जागा. काट्याने नेमकी सदतिसावी जागा शोधणं म्हणजे अंदाजपंचे काम. शिवाय शॉर्टवेव्हची बरीच प्रसारणं अर्धा-एक तासच चालतात, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकं बदलतात. प्रसारण सुरू होण्याआधीच योग्य जागी जाऊन बसायचं तर आकडा दिसायलाच हवा. आणि हलकेच चक्री फिरवत अख्खा पट्टा चाळायची मजा या रेडिओत जास्त आहे, असं माझं मत. पीएलएल रेडिओ पायरी-पायरीने चढतो आणि काही रेडिओंचा आवाज प्रत्येक पायरीवर क्षणभर तुटतो. अशा घाईत क्षीण स्टेशन निसटतं.

पण एसएसबी (सिंगल साइडबँड, बोलण्यासाठी वापरली जाणारी प्रसारणाची काटकसरी पद्धत) ऐकायचं असेल तर हा वाद संपला. हौशी रेडिओवाले आणि समुद्रावरून उडणारी विमानं बोलतात ती एसएसबीवर. तिथे दोनशे हर्ट्झ इकडे-तिकडे झालं तरी माणसाचा आवाज बदकासारखा होतो. साध्या प्रसारणात तीन किलोहर्ट्झ सरकलेलं निदान ऐकवतं तरी. इथे त्याच्या पंधराव्या भागाने शब्द बिघडतात. म्हणून आकडा पाळणारा रेडिओ हवा, आणि त्यातही दहा हर्ट्झइतकी बारीक पायरी असलेला किंवा बारीक जुळणीची वेगळी चक्री असलेला.

एक भ्रम मात्र दोन्हीकडे सारखाच. पीएलएल आहे म्हणजे भुताटकी, एका जागी भलतंच स्टेशन ऐकू येणं, बंद, असं नाही. ८८३० लावलंत तर ऑसिलेटर ९२८५ वर असतो, आणि ९७४० वरचं जोरदार स्टेशनही त्यापासून बरोबर ४५५ दूर पडतं. एकच कन्व्हर्जन असलेल्या, म्हणजे ही लहर मिसळायची क्रिया एकदाच करणाऱ्या स्वस्त रेडिओत ते ८८३० वर खुशाल बोलू लागतं. आकडा खोटा नसतो, तो स्टेशनबद्दल बोलतच नसतो. यावरचा उपाय ड्युअल कन्व्हर्जन, म्हणजे तीच क्रिया दोनदा. तो शब्द खोक्यावर वेगळा शोधायचा.

अलीकडे गोंधळात भर घालणारा तिसरा भिडू आलाय: बाहेरून चक्री आणि काटा, आत डीएसपी चिप, म्हणजे लहरींवर आकडेमोडीने काम करणारी चिप. चक्री फिरते तेव्हा चिप फक्त व्होल्टेज वाचते आणि ठरलेल्या पायऱ्यांपैकी एक निवडते. स्टेशन सरकत नाही, पण आकडा दाबायची किंवा साठवायची सोय बहुधा नसते.

मग दुकानात ओळखायचं कसं? ‘डिजिटल’ या शब्दाकडे दुर्लक्ष करा आणि बटणं बघा. शून्य ते नऊ आकडे आहेत का, स्टेशन साठवायला मेमरी आहे का? असतील तर तो आकडा पाळणारा, कारण जे जागेवर धरून ठेवता येत नाही ते साठवणार कसं? त्याऐवजी एसडब्ल्यू-१, एसडब्ल्यू-२ असा पट्टे बदलायचा सरकता खटका आणि नुसती चक्री दिसली, तर पडदा कितीही चकचकीत असो, तो मोजणीवालाच समजा, फार तर तो तिसरा भिडू.

आधीच मोजणीवाला घेऊन बसला असाल तर १०००० किलोहर्ट्झ लावून बघा. तिथे अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनचं बीपीएम ही वेळेचे ठोके देणारी स्टेशनं असतात, त्यातलं एखादं ऐकू येण्याजोगं असेल. चालू करून अर्धा तास झाला की आवाज सर्वात स्वच्छ येईल तिथे थांबा आणि मग पडद्याकडे बघा. १०००२ दिसलं तर तुमचा रेडिओ दोन किलोहर्ट्झ जास्त दाखवतो. पुढे वेळापत्रकातल्या आकड्यात दोन मिळवून शोधत जा.